एकाच जिल्ह्याच्या दोघी

परदेशात बसून घरची आठवण काढणं ही काहीतरी हळवी, गोड गोष्ट असते असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तिचा रागच यायचा. अजूनही येतो.

मी परभणी जिल्ह्यातली, पूर्णा तालुक्यात ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आई अंगणवाडीत. आमचं घर ओढ्याच्या कडेला, बौद्ध वस्तीत. आता तिथं सिमेंटचा रस्ता आहे, विहार आहे, घरटी एक माणूस नोकरीला आहे. तरी गावातल्या कुणाला आमचा पत्ता विचारला तर तो अजून हात लांब करून "तिकडं, खाली" एवढंच म्हणतो. ते ऐकतच मी मोठी झाले आणि शाळेत असतानाच ठरवलं की आपण इथं राहायचं नाही. परभणीत नर्सिंग केलं, तिथंच काही वर्षं नोकरी केली, मग पुण्यात खोली घेऊन जर्मन शिकले. व्हिसा आला तेव्हा वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. आई म्हणाली, "जा आता. मागं वळून बघू नको." मी बघितलं नाही.

मग जर्मनीतल्या एका लहान शहरात, भाजीच्या दुकानात, मला शेपू दिसला. एवढीशी जुडी, प्लास्टिकच्या पिशवीत. शेपूची भाजी मला जन्मात आवडली नव्हती. लहानपणी ताटात शेपू दिसला की मी उठून जायचे आणि आई पाठीत धपाटा घालायची. ती जुडी मी नाकाशी धरली आणि दुकानात उभ्या उभ्या मला रडू फुटलं. शेजारची बाई तिची ढकलगाडी घेऊन हळूच दुसऱ्या रांगेत गेली. मी जुडी परत ठेवली आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मला संताप आला. ज्या गावानं मला कधी धड नावानं हाक मारली नाही, त्या गावासाठी मी का रडायचं?

पण आठवण काही विचारून येत नव्हती. सकाळी गादीवरून उठताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. पाव घशाखाली उतरायचा नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि त्या शांततेत माझ्या कानात आपोआप आमच्या गल्लीतली भांडी वाजायची. फोनवर नातेवाईक सांगायचे, मन रमव, फिरायला जा, फोटो पाठव. मी फोटो पाठवायचे. ते बघून चुलत बहीण म्हणायची, "तुझं लय भारी चाललंय." मी फोन ठेवून द्यायचे.

माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा होता. त्यांतल्या बऱ्याच जणांना विसरण्याचा आजार. एक आजी रोज दुपारी पर्स हातात घेऊन दाराशी यायची आणि म्हणायची, मला घरी जायचंय. आमच्या मोठ्या नर्सबाईनं मला शिकवलं होतं की नाही म्हणायचं नाही, हात धरायचा, बोळातून फिरवून आणायचं, घराबद्दल विचारायचं. मी तसंच करायचे. घराला अंगण होतं का, अंगणात काय होतं, सगळं विचारायचे. आजी सांगता सांगता शांत व्हायची आणि माझ्याच काळजात कळ उठायची. मला असं हात धरून फिरवणारं तिथं कुणी नव्हतं.

अशा वेळी दवाखान्याकडून नर्सना मिळणारी घरं बघणाऱ्या बाईनं आनंदानं सांगितलं की तुझ्या फ्लॅटमधली दुसरी खोली भरतेय, येणारी नर्स भारतातली आहे, तुमचा जिल्हासुद्धा एकच आहे. तिनं कागदावर बघून 'परभणी' हा शब्द कसाबसा उच्चारला. मी त्या दिवशी फ्लॅट झाडून पुसून काढला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

ती आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, बोलायला मोकळी. जिंतूर तालुक्यातली, बोरीच्या पुढच्या एका गावची. घरी भरपूर शेती, ट्रॅक्टर, भाऊ गावातला वजनदार माणूस. दारातूनच म्हणाली, "आगं बाई, आपल्याकडचं माणूस भेटलं. लय बरं झालं." ते 'लय' कानावर पडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी तिला ताई म्हणाले, तिची बॅग आत आणली, चहा टाकला.

चहा उकळेपर्यंत तिनं माझं गाव विचारलं. मग आडनाव. आमच्या आडनावावरून नीट कळत नाही, ते दोन्हीकडं असतं. म्हणून तिनं पुढचं विचारलं, "गावात घर कोणत्या बाजूला तुमचं?" मी उत्तर द्यायच्या आत तिची नजर माझ्या खोलीच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीवर गेली. तिथं बुद्धाची तसबीर होती. त्या देशात दुकानदुकानांत बुद्धाची मुंडकी कुंड्यांच्या शेजारी विकायला असतात, न्हाणीघरात शोभेला ठेवतात, आणि बघणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. तिला मात्र एका नजरेत सगळं कळलं. "हां, हां," एवढंच म्हणाली. चहा प्यायली. कप स्वतःच विसळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची भांडी आणली. तवा, पातेलं, ताट, वाटी, पेला. ती भिंतीतल्या वरच्या कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, "तसलं काही न्हाई हां. मला फक्त शाकाहारीचं वेगळं लागतं." मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिनं त्याच पातेल्यात कोंबडी शिजवली. वास सगळ्या घरात सुटला होता. मी तिच्याकडं बघितलं, तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

असे कितीतरी महिने गेले. ती भाकरी थापायची तेव्हा मी माझ्या खोलीत बसून तो आवाज ऐकायचे. ज्वारीचं पीठ तिनं कुठूनतरी लांबच्या शहरातून मागवलं होतं. मला भाकरी थापता येत नाही; आईनं मला चुलीपासून लांबच ठेवलं, अभ्यास कर म्हणाली. भूक लागलेली असायची, पाणी सुटलेलं असायचं, आणि ती भाकरी करणारे हात मला सहन होत नव्हते. ती फोनवर घरच्यांशी बोलायची तेव्हाही तेच. "काय करायलीस माय?", "कुठं जायलाय तो?", "आमी काय म्हणलो होतो?" भिंतीपलीकडून माझीच बोली यायची. मी दाराला कान लावून ऐकायचे आणि ऐकता ऐकता तिला शिव्या द्यायचे. घर सोडून हजारो मैल आले तरी गाव माझ्या शेजारच्या खोलीत येऊन राहिलं होतं, आणि त्यातलं मला जे हवं होतं ते नेमकं तिच्याच तोंडात होतं.

एके दिवशी दुपारी पाळी संपवून आले तर घरं बघणारी बाई जिन्यात भेटली. चेहरा कडक. म्हणाली की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तक्रार केली आहे, धुरानं त्यांना खोकला लागला, तू असं करू नकोस. मी विचारलं, मी काय केलं? ती म्हणाली, तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं की तिखट जाळणारी तू.

वर आले. स्वयंपाकघरात मिरच्या भाजल्याचा वास अजून होता. ओट्यावर तिचा तवा, बाजूला ठेच्याची वाटी. ती खुर्चीवर बसून जेवत होती.

"कामून खोटं बोललीस?" मी विचारलं. ताई म्हणणं तिथंच सुटलं.

"खोटं काय त्यात? तूबी करतीसच की फोडणी."

"आज मिरच्या कुणी भाजल्या?"

"ती बाई एकदम दारात येऊन उभी राहिली. मला सुधरंना काय बोलावं."

"मग माझं नाव घेतलंस. सवयच हाय तुमाला."

"कुणाला तुमाला?"

"तुमाला. तुला, तुझ्या घरच्याला, तुझ्या आख्ख्या गावाला."

ती उठली. "हे बघ, माझ्या घरापर्यंत जाऊ नको."

"तू रोज जायलीस की माझ्या घरापर्यंत. तो तवा वरच्या कपाटात ठेवतीस ना, तव्हा रोज माझ्या मायबापापर्यंत जातीस तू. शाकाहारीचं वेगळं म्हणं. कोंबडी काय झाडाला लागती का तुमच्याकडं?"

मग जे भांडण झालं ते मी इथं सगळं लिहीत नाही. तिनं मला माजलेली म्हटलं, सवलतीवर शिकलेली म्हटलं. मी तिच्या भावापासून तिच्या आज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. आमच्या वस्तीत हापशावर बायका भांडायच्या तेव्हा मला लाज वाटायची, मी पुस्तक घेऊन आत जायचे. त्या सगळ्या बायका त्या दिवशी माझ्या तोंडून बोलत होत्या. एक हात कमरेवर, एक हात हवेत. शब्द शोधावे लागत नव्हते, आधी मनात जुळवून मग बोलावं लागत नव्हतं. ते आपसूक येत होते, एकाहून एक जहरी. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की छातीवरचं ते ओझं गेलंय. तिला शिव्या देताना मी घरी होते.

ते तिला कळू दिलं नाही. शेवटी मी शांतपणे म्हणाले, "एकतर ती भांडी सगळी खाली घे, माझ्या भांड्यात मिसळ. न्हाईतर उद्या हापिसात जाऊन सांगते, तू खोटं बोललीस म्हणून. हितं खोटं बोललेलं चालत न्हाई, म्हाईत हाय तुला."

तिनं स्टूल ओढून कपाटाखाली ठेवलं. मग स्टुलावर चढली आणि एकेक भांडं खाली काढलं. ताट ओट्यावर इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा पडला. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तेव्हापासून आमचं एकत्र शिजायला लागलं. त्यात प्रेम नव्हतं, माझी धमकी होती, आणि ते दोघींना नीट माहीत होतं. ती भाकऱ्या करायची, मी कालवण. जेवताना भांडायचो. अंबाडीच्या भाजीत कण्या घालायच्या की डाळ, पूर्णा तालुक्यातले नीट बोलतात की जिंतूरचे, जवसाच्या चटणीत लसूण किती. मधूनच भांडण खऱ्या जागेवर यायचं. तिच्या गावात आमच्या लोकांना मंदिराच्या जेवणावळीत शेवटी का बसवतात, यावरून ती एकदा म्हणाली, "आता न्हाई तसलं काही राहिलं." मी म्हणाले, "तू कधी शेवटी बसलीस का? मग तुला कसं म्हाईत?" ती ताट घेऊन खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, कारण तिलाही बोलायला दुसरं कुणी नव्हतं. तिलाही आठवण छळत होती. तिच्या उशीचा अभ्रा कितीदा ओला दिसायचा. मी विचारलं नाही. तिनं माझ्यासाठी काय केलं होतं, की मी विचारावं?

सुट्टी मिळाली तेव्हा मी गावाकडं निघाले. तिनं स्वतःच्या आईसाठी गुडघ्याला लावायचं मलम आणि वडिलांसाठी स्वेटर दिला. म्हणाली, "परभणीत माझा भाऊ येऊन घेऊन जाईल. तू तिकडं जायची गरज न्हाई." थोड्या वेळानं परत म्हणाली, "खरंच, तू कशाला जातीस एवढ्या लांब." दोनदा सांगितलं म्हणून मी जायचं ठरवलं.

परभणीहून जिंतूरच्या गाडीत बसले, बोरीला उतरले आणि पुढं ऑटो केली. तुरीची शेतं, कापूस वेचणाऱ्या बायका, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेला कडबा. याच उन्हासाठी मी तिकडं तळमळत होते, आणि आता ते डोळ्यांत खुपत होतं. घर विचारायची गरज पडली नाही. दोन मजले, गुलाबी रंग, पुढं ट्रॅक्टर.

तिची आई गुडघे धरत बाहेर आली. जर्मनीहून आलेय म्हटल्यावर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझ्या लेकीला बघून आलीस माय तू. बारीक झाली का ती? जेवती का?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बैठकीत खुर्चीवर बसवलं. वडील आले, भाऊ आला. भावानं गाव विचारलं, मग विचारलं, "तिकडं कोणाकडचे तुमी?"

मी सरळ सांगितलं.

"हां, हां," तो म्हणाला. बहिणीसारखाच. मग उठून आत गेला. आत काहीतरी हळू बोलणं झालं आणि त्याची बायको चहा घेऊन आली. सगळ्यांना बशीसकट कप. मला कागदी कप, कुठल्यातरी लग्नातला उरलेला, फुलाफुलांचा. आईचा हात अजून माझ्या हातावर होता. तिनं कप बघितला. हात काढला नाही, पण बोललीही नाही.

मी तो कप टेबलावर ठेवला. माझा आवाज अगदी गोड होता.

"मावशी, तुमची लेक भाकरी लय पातळ करती. आमी दोघी एकाच पातेल्यातलं खातो. ताटंबी मिसळून गेलीत सगळी, कोणतं तिचं अन् कोणतं माझं ते आता आमालाच कळत न्हाई. मी जेवले की कितीदा त्याच ताटात ती जेवती. चांगली हाय तुमची लेक."

वडिलांनी कप बशीत ठेवला. भाऊ म्हणाला, "आमी असलं काही मानत न्हाई ताई. ते कप कमी पडले म्हणून." त्याच्या मागं मांडणीवर कपांची रांग दिसत होती. मी त्या रांगेकडं बघितलं, त्यानंही वळून बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. मी पिशवी दिली आणि उठले. चहा तसाच राहिला.

आई लंगडत माझ्या मागं फाटकापर्यंत आली. पदराखालून एक डबा काढला. "जवसाची चटणी हाय. तेवढी लेकीला दे."

"देते," मी म्हणाले. "पण आमी दोघी मिळून खाऊ. चालंल ना?"

तिनं घराकडं बघितलं. मग पुटपुटली, "खा माय. तूबी खा."

आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली. पुढं बरेच दिवस मला त्या कागदी कपापेक्षा त्या हळू आवाजाचा जास्त राग येत होता. कप देणारीला मी ओळखत नव्हते. हिनं तर माझा चेहरा हातांत धरला होता.

परत गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात उभीच होती. तिला सगळं कळलेलं होतं.

"काय गरज होती सांगायची?"

"खोटं सांगितलं का काही?"

"खरं होतं म्हणून तर." तिनं खुर्ची ओढली. "भाऊ लय बोलला. खोली बदल म्हणायलाय."

"मग?"

"मग काय. मी म्हणलं, खोली मिळत न्हाई."

"मिळत न्हाई का खरंच?"

"विचारलंच न्हाई मी."

तिला वाटलं असावं की मी काहीतरी चांगलं बोलेन. मी म्हणाले, "भावाला हे सांगितलंस का, की विचारलंच न्हाई म्हणून? माझ्यासंगं तुझ्या मनानं राहायलीस म्हणून?"

मी डबा तिच्यापुढं सरकवला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. माझ्या वाट्याची चटणी वेगळी काढून घेतली आणि समोर बसून जेवले. चटणी फार चांगली झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात माझे आईवडील माझ्याकडं येऊन राहून गेले. ती माझ्या वडिलांना काका म्हणायची, त्यांना गरम भाकरी वाढायची, त्यांच्याकडून माझ्या लहानपणीच्या गोष्टी ऐकायची. आईला तिच्या हातचं आवडायचं. एकदा सगळे जेवत असताना तिचा फोन वाजला. भावाचा व्हिडिओ कॉल. ती फोन घेऊन पटकन उठली आणि दार लावून खोलीत गेली.

वडील म्हणाले, "भाऊ हाय ना? आण की हिकडं फोन, आमी बी बोलू की त्याच्याशी."

दार बंदच राहिलं. वडिलांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. पोरांना चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते बंद दार वाचायला वेळ लागला नाही.

ते विमानात बसले त्याच संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, मला वेळ दे. मी म्हणाले, वेळ तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून हाय, माझ्याकडं कामून मागायलीस? खालच्या गृहस्थांनी छताला काठी ठोकली. आम्ही आवाज खाली आणला आणि भांडत राहिलो.